पोटातली गाठ: 'चरबीचीच असेल' म्हणून सोडायची कधी आणि सीटी करायचा कधी?

संत्रानगरीकर | मंगळवार, रात्री ९:१०
नमस्कार मंडळी. प्रभागातल्या आरोग्य शिबिरासाठी एकपानी पत्रक करतोय. रक्तदाब, साखर, सिकलसेल यांवर पत्रकं ढिगाने आहेत, म्हणून यंदा पोटातल्या सॉफ्ट टिश्यू गाठी घ्यायच्या ठरल्या. आतड्याच्या अस्तराचा किंवा लिव्हरचा नेहमीचा कॅन्सर यात नाही. चरबी, स्नायू, रक्तवाहिन्यांच्या भिंती, नसांची आवरणं यांतून निघणाऱ्या गाठींबद्दल बोलतोय. साध्याही आणि सार्कोमाही, म्हणजे याच भागांतून उठणारा कॅन्सर.

मसुद्यातलं मुख्य वाक्य: 'गाठ ५ सेंमीपेक्षा मोठी, खोल, वाढणारी किंवा दुखणारी असेल तर ताबडतोब दाखवा.'

माझाच या वाक्यावर विश्वास बसत नाही. हातापायाच्या गाठीला हा नियम चपखल आहे. पण पोटातली गाठ हाताला लागेपर्यंत ५ सेंमी कधीच ओलांडून गेलेली असते. मग घरच्या माणसाने मोजायचं काय आणि कशाने? जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात. घरी कळतील अशी लक्षणं कोणती? आणि दवाखान्यात गेल्यावर गाडी हमखास घसरते ती कोणत्या पायरीवर?

तर्री_जास्त | ९:२२
पोट तर अख्ख्या नागपूरचंच वाढून राहिलं ना भाऊ. सकाळी तर्री-पोहे, रात्री सावजी. सगळ्यांना सीटीत टाकता काय?

क्ष_किरण | ९:४८
तर्री, प्रश्न गमतीत विचारलात पण मुद्द्याचा आहे. त्यावर पुढे बोलूच.

आधी जागा समजून घ्या. पोटाला समोरची बैठक आणि मागचं कोठार अशा दोन खोल्या असतात. मधला पडदा म्हणजे पेरिटोनियम. बैठकीत जठर, लिव्हर आणि लहान आतड्याची वेटोळी. मागच्या कोठारात दोन्ही किडन्या, त्यांच्यावरच्या अॅड्रिनल ग्रंथी, महाधमनी, खालची महाशिरा, स्वादुपिंडाचा बराचसा भाग, मोठ्या आतड्याच्या दोन्ही उभ्या बाजू, पाठीचे स्नायू आणि या सगळ्यांमध्ये सैलसर चरबी. रिपोर्टात 'रेट्रोपेरिटोनियल मास' लिहिलं असेल तर गाठ या कोठारात आहे.

तिथे अडवणारं हाड नाही, चरबी दबते आणि आतडी बाजूला सरकतात. म्हणून गाठ गुपचूप वाढते. नागपुरी संत्रं साधारण ६-७ सेंमीचं. कोठारातली सार्कोमाची गाठ सापडते तेव्हा १५-२० सेंमीची असणं अजिबात नवलाचं नाही, म्हणजे संत्रं सोडा, लहानसं टरबूज. आणि तरी दुखत नसते. तुमच्या मसुद्यातलं 'दुखणारी' हे सगळ्यात घातक. लोक ते वाचून म्हणतील, दुखत नाही ना, मग राहू द्या.

निळी_शाई | १०:०५
पॅथॉलॉजीकडून थोडी भर. पोटातल्या या गाठी म्हणजे एक आजार नाही. सार्कोमाचेच ५० च्या वर प्रकार आहेत. पत्रकासाठी चार नावं पुरे:

लायपोसार्कोमा चरबीतून येतो. कोठारात सगळ्यात जास्त हाच. एक प्रकार अगदी साध्या चरबीसारखा दिसतो आणि संथ वाढतो. दुसऱ्यात त्याच चरबीत घट्ट, चरबी नसलेला भाग तयार होतो, तो जास्त आक्रमक.

लियोमायोसार्कोमा गुळगुळीत स्नायूंतून येतो, बरेचदा थेट महाशिरेच्या भिंतीतून. त्यात पायांना सूज लवकर येते.

जिस्ट जठर किंवा लहान आतड्याच्या भिंतीत होते. ही बैठकीच्या खोलीतली गाठ. औषध वेगळं, वागणूक वेगळी, म्हणून ती स्वतंत्रच लिहा.

डेस्मॉइड दूरवर पसरत नाही, पण आजूबाजूला मुळं घालते. पोटाच्या भिंतीत किंवा आतड्याच्या पडद्यात होते. तरुण स्त्रियांत बाळंतपणानंतरच्या काळात पोटाच्या भिंतीत, किंवा मोठ्या आतड्यात शेकडो पॉलिप होणारा आनुवंशिक आजार घरात असेल तर.

आणि धाग्याच्या शीर्षकाबद्दल: कातडीखालची मऊ, बोटाने सरकणारी, वर्षानुवर्षं तेवढीच असलेली लायपोमाची, म्हणजे साध्या चरबीची, गाठ निवांत सोडा. पण कोठारात मोठी चरबीची गाठ दिसली आणि रिपोर्टात 'लायपोमा' लिहून मोकळे झाले, तर तो शब्द जसाच्या तसा गिळू नका. तिथे खरा लायपोमा फार दुर्मीळ. संथ लायपोसार्कोमा आणि लायपोमा भिंगाखाली जुळ्या भावांसारखे दिसतात. फरक कळतो एमडीएम२ या जनुकाच्या वाढीव प्रतींवरून. ती तपासणी फिश पद्धतीने, त्याच मेणाच्या ब्लॉकवर (नमुना मेणात बसवून जपलेला ठोकळा) होते, पुन्हा सुई टोचावी लागत नाही.

तर्री_जास्त | १०:११
फिश म्हणजे मासा नव्हे ना बाप्पा? सावजीवाल्याला विचारून आलो असतो.

निळी_शाई | १०:१४
नव्हे. चमकणाऱ्या रंगाने गुणसूत्रावरची जागा दाखवायची रीत. तेल सुटत नाही त्याला.

ओपीडी_खोली_दोन | १०:४०
मला या पत्रकाचीच जरा भीती वाटते. मोठ्यांच्या एकूण कॅन्सरमध्ये सॉफ्ट टिश्यू सार्कोमा सुमारे १ टक्का, आणि त्यातला कोठारातला हिस्सा साधारण १० ते १५ टक्के. फॅमिली डॉक्टरला उभ्या कारकिर्दीत एखाद-दुसरा दिसतो. उलट पोट फुगणं, गॅस, बद्धकोष्ठ हे रोज पन्नास. पत्रक वाचून गल्लीतले सगळे सीटी मागत येतील. त्याचे किरण आणि खर्च आहेतच, शिवाय किडनीतल्या साध्या पाण्याच्या गाठी पाहून घाबरणारे वेगळे. पत्रकात 'सीटी' शब्दच नको, 'डॉक्टरकडून पोट तपासून घ्या आणि सोनोग्राफी' एवढं बास.

क्ष_किरण | १०:५८
तपासून घ्या हे शंभर टक्के मान्य. आडवं झोपवून, गुडघे दुमडायला लावून, दोन्ही हातांनी कमरेकडून पोट चाचपणं हे आता खुर्चीत बसल्या-बसल्या उरकलं जातं. तीन मिनिटांचं काम आहे.

सोनोग्राफीबद्दल मात्र अर्धंच मान्य. गॅस असेल तर मागचं दिसत नाही. जाड माणसात आवाजाच्या लहरी खोल पोचत नाहीत. आणि चरबीची गाठ चरबीतच असेल तर कडा हरवतात. मोठी गाठ 'बॉवेल गॅस'खाली निसटते ती अशी. म्हणून चिठ्ठीवर नुसतं 'यूएसजी अॅब्डोमेन' न लिहिता 'डावीकडे पोट भरल्यासारखं, पाठीमागची जागा बघावी, किडनी सरकली आहे का' असं लिहिलं की बघणाऱ्याचा प्रोब तिथे जास्त वेळ थांबतो. किडनी जागेवरून पुढे किंवा मध्याकडे ढकलली गेली असेल तर ती मोठी खूण, भले गाठीची कड दिसो न दिसो.

ओपीडी_खोली_दोन | ११:०९
चिठ्ठीवर प्रश्न लिहिण्याचं पटलं. मग असं करू: सोनोग्राफी साधी आली तरी लक्षण तीन-चार आठवड्यांत हटलं नाही तर परत या. सीटी लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील.

क्ष_किरण | ११:११
चालेल. 'साधी आली तरी' हे शब्द ठळक करा.

कात्री_चिमटा | बुधवार, सकाळी ७:२०
आता संत्रानगरीकरांच्या पहिल्या प्रश्नाकडे. घरी काय कळेल? माझ्या मते पत्रकात पहिली ओळ सेंटिमीटरची नको, नाडीची हवी. पायजम्याची, परकराची नाडी किंवा पट्ट्याचं भोक. वजनकाटा तोच, किंवा उतरलेला, दंड-मांड्या वाळल्या, गालफडं बसली, पण नाडी पुरेना. वजन वाढून आलेलं पोट असं वागत नाही. तेव्हा मान, दंड, मांड्या सगळंच भरतं आणि दोन्ही बाजूंनी सारखं.

दुसरी खूण: उताणं झोपल्यावर. चरबीचं पोट दोन्ही कुशींकडे पसरतं. गाठीचं पोट एका बाजूला उभं राहतं, तिथे हाताला भरीव लागतं. पोटात पाणी झालं असेल तर फुगवटा कुशींकडे जातो आणि कूस बदलली की पाणीही जागा बदलतं.

बाकीच्या खुणा दाब कशावर पडतो त्यावर ठरतात, म्हणून त्या पोटाच्या वाटतच नाहीत:

जठरावर दाब: दोन घासांत पोट भरणं. रोजच्या दोन पोळ्यांची अर्धी.
किडनीच्या नळीवर दाब: कमरेत एका बाजूला जडपणा, किडनी फुगलेली, रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) चढलेलं, पण मुतखडा सापडत नाही.
महाशिरेवर दाब: एका किंवा दोन्ही पायांना सूज, पायात रक्ताची गुठळी.
मांडीच्या नसेवर दाब: मांडीच्या पुढे बधिरपणा, जिना चढताना गुडघा दगा देणं. मणक्याचे एमआरआय होत राहतात, गाठ राहते पोटात.
पुरुषांत अंडकोशाभोवती, विशेषतः उजवीकडे, नव्याने फुगलेल्या शिरा, ज्या झोपल्यावरही उतरत नाहीत. अशा वेळी वर किडनीपर्यंत बघायलाच हवं.

एक फसवी जागा राहिली: जांघ. कोठारातला लायपोसार्कोमा जांघेच्या वाटेने खाली उतरतो आणि हर्निया म्हणून टेबलावर येतो. हर्निया उघडला आणि चरबीचा न संपणारा गोळा वर पोटाकडे जातोय असं दिसलं, तर ओढून तोडू नये. छोटा नमुना घ्यावा, टाके घालावेत आणि आधी स्कॅन करावा.

वर्धा_रोड | ८:०२
नाडीची खूण +१. आजीसुद्धा वाचेल ते.

तर्री_जास्त | ८:१५
ट्रॅकपँटला इलॅस्टिक असते हो डॉक्टरसाहेब. ते कधीच तक्रार करत नाही, म्हणून तर घालतो.

कात्री_चिमटा | ८:१९
हे खरंच लिहा पत्रकात. 'इलॅस्टिक घालणाऱ्यांनी महिन्याला एकदा बेंबीच्या रेषेत टेप लावून माप लिहावं.' उभं राहून, श्वास सोडून, टेप न आवळता.

मायलेक | ९:३०
स्त्रियांबद्दल कुणीच लिहिलं नाही. ओटीपोटातला गोळा दिसला की 'गर्भाशयाची गाठ' किंवा 'अंडाशयाची' हे आधी डोक्यात येतं, आणि बहुतेकदा ते खरंही असतं. पण सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय वेगळे, धडधाकट दिसत असतील तर गोळा तिसऱ्याच कुणाचा आहे. रक्तातला सीए-१२५ (अंडाशयाच्या कॅन्सरच्या शंकेत बघतात तो) थोडा वाढला म्हणून अंडाशयाचा ठरत नाही. पोटाच्या आतल्या पडद्याला चीड आणणारं काहीही, अगदी टीबीसुद्धा, तो वाढवतं.

आणखी एक. गर्भाशयाची गाठ झपाट्याने वाढतेय, विशेषतः पाळी गेल्यानंतर, तर दुर्बिणीतून मशीनने तुकडे करून काढू नये. आत सार्कोमा निघाला तर ते तुकडे पोटभर पेरले जातात. अमेरिकेच्या एफडीएने २०१४ मध्ये यावरच इशारा दिला होता.

सिझेरियनच्या व्रणाजवळची गाठ दर महिन्याला पाळीसोबत दुखत असेल तर ते बहुधा व्रणातलं एंडोमेट्रिओसिस, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा भाग तिथे रुजलेला. महिन्याशी नातं नसलेली घट्ट गाठ असेल तर डेस्मॉइड मनात ठेवा. डेस्मॉइड म्हटलं की लगेच कापाकापी नसते. आता बरेचदा काही महिने नुसती एमआरआयने नजर ठेवतात. काही आपोआप थांबतात, काही आक्रसतातही.

ओपीडी_खोली_दोन | ९:५१
आपल्या भागाची दोन सोंगं यात हवीतच. एक म्हणजे प्लीहा. विदर्भात सिकलसेल आहे, डाव्या बरगडीखाली गोळा लागला तर आधी प्लीहा आठवावी. ओळख: खोल श्वास घेतला की प्लीहा बेंबीकडे सरकते आणि तिची खाच बोटाला लागते. कोठारातली गाठ श्वासाबरोबर फारशी हलत नाही.

दुसरं टीबी. पाठीच्या मोठ्या स्नायूत पू साठून गोळा होतो, माणूस मांडी दुमडून चालतो. आतड्याच्या पडद्यात गाठींचे घोस होतात. म्हणून 'टीबीच्या गोळ्या सुरू करून बघू, गाठ उतरली तर टीबी' हा जुना खेळ खेळतात. नमुना न घेता हे करू नये. टीबी नसला तर महिने वाया जातात, आणि लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) असला तर आणखी वाईट.

भाबडा_भाऊ | ११:१५
पण नमुना म्हणजे सुई ना? सुई टोचली की गाठ चिडते, पसरते. सगळे म्हणतात. काढायचीच आहे तर सरळ काढा, सुई काहून टोचायची?

निळी_शाई | ११:५०
भाऊ, हा प्रश्न पत्रकात आलाच पाहिजे, त्यामुळे सविस्तर लिहिते.

नमुना न घेता काढली तर काय होतं? गाठ लिम्फोमा निघाली तर त्याला ऑपरेशन नव्हे, औषधं लागतात. किडनी, आतड्याचा तुकडा फुकट गेला. तरुण पुरुषात ती अंडकोशाच्या कॅन्सरची पोटात गेलेली गाठ निघाली, तर तीही मुख्यतः औषधांनी बरी होणारी. म्हणून तरुण पुरुषात सुईच्या आधी अंडकोशाची तपासणी आणि रक्तात त्या कॅन्सरच्या खुणा: एएफपी, बीटा-एचसीजी, एलडीएच.

सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा धोका योग्य पद्धतीत शेकड्यात एकाहूनही कमी. योग्य पद्धत अशी: सीटी किंवा सोनोग्राफीत बघत, शक्यतो कमरेकडून, म्हणजे पडदा न भेदता कोठारात शिरायचं. बाहेरची सुई एकदाच बसवायची आणि तिच्या आतून १४ किंवा १६ गेजच्या सुईने चार-पाच दोऱ्यासारखे तुकडे घ्यायचे. त्यामुळे वाट एकच राहते. तुकडे कुठल्या भागातून? चरबीसारख्या दिसणाऱ्या भागातून नव्हे, आत घट्ट दिसणाऱ्या भागातून, आणि मधला मेलेला भाग टाळून. मऊ चरबीतून घेतलं तर रिपोर्ट 'साधी चरबी' येतो आणि खरा बदमाश शेजारी बसून हसतो.

बारीक सुईची एफएनएसी इथे पुरत नाही. त्यात सुट्या पेशी येतात, त्यांची रचना दिसत नाही.

तुकड्यांचं वाटप आधीच ठरवा. बहुतेक तुकडे १० टक्क्यांच्या फॉर्मॅलिन द्रावणात, तुकड्याच्या दहापट तरी द्रव. टीबीची शंका असेल तर एक तुकडा साध्या सलाइनमध्ये सीबीनॅटसाठी (टीबीच्या जंतूची जनुकीय तपासणी). लिम्फोमाची शंका असेल तर ताज्या तुकड्याबद्दल लॅबला आधी फोन. सगळंच फॉर्मॅलिनमध्ये बुडवलं की टीबीचं कल्चर गेलं, ते परत मिळत नाही.

सुईला नाही म्हणायची एक वेळ आहे. अचानक धडधड, घाम, डोकेदुखी आणि रक्तदाबाचे झटके असतील, किंवा गाठ अॅड्रिनलजवळ असेल, तर आधी रक्त किंवा २४ तासांच्या लघवीतले मेटानेफ्रिन बघा. फिओक्रोमोसायटोमात, म्हणजे रक्तदाब चढवणारी द्रव्यं सोडणाऱ्या अॅड्रिनलच्या गाठीत, सुई घातली तर रक्तदाब टेबलावरच आकाशाला भिडतो.

भाबडा_भाऊ | १२:०४
शेकड्यात एकाहून कमी हे ठाऊक नव्हतं. बरं झालं विचारलं.

कात्री_चिमटा | १२:३०
गाडी घसरते कुठे, या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर: पहिल्या ऑपरेशनमध्ये.

या गाठीभोवती गुळगुळीत आवरण दिसतं. हात घातला की संत्र्याच्या फोडीसारखी सुटून येईल असं वाटतं, आणि येतेही. पण ते आवरण गाठीनेच दाबून केलेलं असतं, त्यात पेशी असतात. सोलून काढली की बी तिथेच राहिलं. म्हणून गाठ न फोडता, चिकटलेल्या अवयवासकट एकसंध काढतात. बरेचदा त्या बाजूची किडनी आणि मोठ्या आतड्याचा भाग सोबत जातो. नातेवाईक विचारतात की किडनी चांगली होती तर काढली का. किडनी चांगलीच असते, पण तिच्याभोवतीची चरबी गाठीची असते.

त्याआधी दुसरी किडनी एकटी भार पेलेल का, हे डीटीपीए स्कॅनने बघून घेतात. आणि सीटी करताना छातीचाही करून घ्यावा, सार्कोमा फुप्फुसाकडे जायला बघतो.

पहिली संधी सगळ्यात चांगली असते. अर्धवट काढून 'उरलेलं नंतर बघू' म्हटलं की पुढच्या सर्जनला चिकटलेल्या आतड्यांच्या गुंत्यात हात घालावा लागतो. म्हणून पोट उघडायच्या आधी फाइल ट्यूमर बोर्डापुढे जावी: सर्जन, रेडिओलॉजी, पॅथॉलॉजी, किरणोपचार आणि औषधवाले, सगळे एका टेबलावर.

वर्धा_रोड | १२:४८
आधी रेडिएशन देऊन गाठ लहान करून घेत नाहीत का?

कात्री_चिमटा | १:०५
सरसकट नाही. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्ट्रास चाचणीत २६६ रुग्ण होते. ऑपरेशनआधी २८ बैठकांत ५०.४ ग्रे (किरणांच्या मात्रेचं माप) देऊन एकूण गटात फायदा दिसला नाही. संथ लायपोसार्कोमात थोडा असू शकेल, म्हणून निवडकांत विचार होतो. केमोचंही तसंच, प्रकारावर ठरतं. डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध द्यायचं तर आधी हृदयाचा इको.

गोळी_पाणी | २:२०
औषधांच्या काउंटरवरून जिस्टबद्दल.

लक्षणं आधी: काळी, डांबरासारखी चिकट शी, किंवा कारण न सापडणारं हिमोग्लोबिन उतरणं. लोहाच्या गोळ्यांनीही शी काळी होते, पण ती सहसा डांबरासारखी चिकट नसते आणि तसा उग्र वास येत नाही. दुर्बिणीत जठराच्या अस्तराखाली फुगवटा दिसतो आणि वरवरच्या चिमट्याने अस्तरच येतं, गाठ येत नाही. त्यासाठी सोनोग्राफी लावलेली एंडोस्कोप लागते.

पॅथॉलॉजीत सीडी११७ आणि डॉग१ या पेशींवरच्या खुणा बघतात, मग जनुकाचा बदल. गोळी इमॅटिनिब, नेहमीचा डोस रोज ४०० मिग्रॅ. किट जनुकाच्या एक्झॉन ९ या भागात बदल असेल आणि आजार पसरलेला असेल तर ८०० पर्यंत नेतात. पीडीजीएफआरए या दुसऱ्या जनुकाचा डी८४२व्ही बदल असेल तर ही गोळी चालतच नाही. म्हणून जनुक तपासणी चैन समजू नका. ऑपरेशननंतर धोका जास्त असेल तर ३ वर्षं देतात.

घ्यायची रीत: दिवसाच्या मोठ्या जेवणासोबत, मोठा पेला भरून पाणी. रिकाम्या पोटी घेतली की मळमळ ठरलेली. सकाळी डोळ्यांखाली सूज, पायात पेटके, हे नेहमीचे त्रास. टीबीचं रिफॅम्पिसिन किंवा फिटचं फेनिटॉइन चालू असेल तर इमॅटिनिबची रक्तातली पातळी बरीच घसरते, डॉक्टरला सांगाच. सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ ला ग्लिवेकच्या (इमॅटिनिबचा मूळ ब्रँड) पेटंटला नकार दिला, त्यानंतरही भारतात जेनेरिक गोळ्या मिळत राहिल्या, त्या ब्रँडपेक्षा कितीतरी स्वस्त.

तर्री_जास्त | २:२८
संत्रं चालतं का त्या गोळीवर? नागपुरात हाच पहिला प्रश्न येणार.

गोळी_पाणी | २:३५
साधं नागपुरी संत्रं चालतं. ग्रेपफ्रूट आणि पपनस टाळा, त्यांनी औषधाची पातळी चढते.

क्ष_किरण | ४:१०
सीटीच्या तयारीचं राहिलं. सार्कोमाच्या शंकेला साधा नव्हे, कॉन्ट्रास्ट सीटी, म्हणजे शिरेतून औषध सोडून काढलेला. आदल्या काही दिवसांतलं क्रिएटिनिन हवं. मे महिन्यात इथे उन्हात फिरून कोरडा पडलेला माणूस थेट टेबलावर येतो आणि किडनीला फटका बसतो. तेव्हा आदल्या दिवसापासून पाणी, मात्र हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर विचारून. मधुमेहाची मेटफॉर्मिन चालू असेल आणि क्रिएटिनिन बिघडलेलं असेल तर ती साधारण ४८ तास थांबवतात, तेही विचारूनच.

आणि फिल्म नव्हे, सीडी मागा. फिल्मवर चौकोनी तुकडे असतात. सीडीवर गाठ कापून, फिरवून बघता येते. रामदासपेठेतून धंतोलीत जा नाहीतर मुंबईला जा, सीडी नसेल तर सीटी पुन्हा होणार.

वर्धा_रोड | ४:३०
जायचं कुठे ते पण लिहा. मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, मिहानचं एम्स, तुकडोजी चौकाजवळचं प्रादेशिक कर्करोग रुग्णालय, जामठ्याची राष्ट्रीय कर्करोग संस्था. महात्मा फुले जन आरोग्य योजना लागू आहे का ते आरोग्यमित्राच्या टेबलावर भरती व्हायच्या आधी विचारायचं, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. दोन्हींवर नावाचं स्पेलिंग जुळतंय का ते घरीच बघावं, अर्धे खेटे त्यातच जातात.

निळी_शाई | ४:४४
मुंबईत परळच्या टाटा कॅन्सर रुग्णालयात दुसऱ्या मतासाठी जाणार असाल तर नुसता रिपोर्ट नेऊ नका. स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक दोन्ही, लॅबच्या पत्रासह. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेणच ते. रेल्वेत खिडकीजवळच्या पिशवीतही नको.

मायलेक | ५:१५
लहान मुलांची एक ओळ. आंघोळ घालताना पोटाच्या एका बाजूला गोळा लागला, लघवी लाल झाली, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ. घरातल्या प्रत्येकाने दाबून बघायचं नाही. किडनीची विल्म्स गाठ फुटू शकते.

ओपीडी_खोली_दोन | ५:२६
आणि थेट इमर्जन्सीत जायच्या गोष्टी वेगळ्या चौकटीत: काळी शी आणि चक्कर. अचानक असह्य पोटदुखी. उलट्या, आणि शी-वारा दोन्ही बंद. लघवी बंद. एक पाय अचानक सुजून दुखणं, त्यात दम लागला तर क्षणभरही थांबू नये.

वर्धा_रोड | ६:०२
ऑपरेशननंतर किती दिवस दाखवायचं?

कात्री_चिमटा | ६:२०
दिवस नाही, वर्षं. पहिली दोन-तीन वर्षं दर ३-४ महिन्यांनी स्कॅन, मग पाचव्या वर्षापर्यंत ६ महिन्यांनी, पुढे वर्षाला. संथ लायपोसार्कोमा दहा वर्षांनीही त्याच जागी उगवतो. 'पाच वर्षं झाली, सुटलो' हे इथे लागू नाही.

संत्रानगरीकर | रात्री ९:४०
सगळ्यांचे आभार. पत्रकाचा नवा मसुदा, वरच्या ओळी एवढ्याच:

'वजन तेच, पण नाडी पुरेना? पोट एकाच बाजूला भरीव? दोन घासांत पोट भरतं? पायाला नवी सूज, मांडीला बधिरपणा? काळी चिकट शी? दुखत नसलं तरी आडवं झोपून पोट तपासून घ्या. सोनोग्राफी साधी आली तरी तीन-चार आठवड्यांत फरक नसेल तर परत जा. गाठ सापडली तर आधी जाड सुईचा नमुना, मग ऑपरेशन. सुईने गाठ पसरते ही भीती धरून बसू नका.'

५ सेंमीचा नियम कातडीखालच्या गाठींसाठी खाली वेगळ्या ओळीत, 'लिंबाहून मोठी' असा.

निळी_शाई | ९:४६
'दुखत नसलं तरी' अगदी वर घ्या, पहिल्या प्रश्नाच्याही आधी.

गोळी_पाणी | ९:५०
लिंबू कोणतं? कागदी लिंबू ४ सेंमीचंच असतं. 'मोठ्या लिंबाहून' लिहा.

संत्रानगरीकर | ९:५५
दोन्ही बदल केले. पण इमर्जन्सीची चौकट, मुलांची ओळ आणि दवाखान्यांची नावं धरून एका पानात मावत नाही.

तर्री_जास्त | ९:५७
पाठ-पोटाच्या मधली गाठ आहे ना भाऊ? मग पत्रकही पाठपोट छापा.

वर्धा_रोड | १०:०३
पाठपोट छापायचं तर ७० जीएसएमचा कागद घेऊ नका, मागची शाई पुढे दिसते. ८० घ्या. आणि इमर्जन्सीची चौकट पोटाकडे ठेवा, पाठीकडे नको.